त्या नावाला काही होत नाही

आमच्या थोरल्या जाऊबाई दिवसभर आपल्या गेलेल्या मुलाचं नाव परक्या लोकांच्या पाठीवर चिकटवतात. हे मी सरळच सांगून टाकते, कारण आडून आडून सांगायला लागलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी भुताखेताचं आहे. भूतबीत काही नाही. खेळाच्या सामानाचं दुकान आहे, मागे एक खोली आहे, खोलीत शर्टांवर नावं चिकटवायचं गरम दाबाचं यंत्र आहे आणि ते जाऊबाई चालवतात. पुढे काउंटरवर मी. आम्ही एकाच घरात नांदतो आणि एकाच दुकानात राबतो. देवानं आम्हा दोघींना एकमेकींच्या डोळ्यांआड म्हणून होऊ दिलं नाही.

नाव प्रल्हाद. घ्या, एकदा म्हटलं. घरात ते कुणी घेत नाही, म्हणून मीही सारखं घेणार नाही.

ते ठेवलं आमच्या मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी. त्याच्या आधी जाऊबाईंना दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा वाया गेले. तिसऱ्या वेळी पोर हातात आलं, तेव्हा मामंजी म्हणाले, "सूनबाई, हेच नाव ठेवा. गोष्टीतल्या त्या पोराला बापानं डोंगरावरून ढकललं, हत्तीच्या पायाखाली दिलं, सापांबरोबर कोंडलं, सख्खी आत्या त्याला मांडीवर घेऊन आगीत बसली. पोराच्या केसाला धक्का नाही. त्या नावाला काही होत नाही." कसलं ते खानदान, म्हणते मी! बाप तसा, आत्या तशी. पण म्हाताऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पोरगं वाचलं होतं.

भावजींनी, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांनी, लगेच मान डोलावली, पण त्यांचं कारण वेगळं. भावजी बस दुरुस्तीच्या कारखान्यात होते आणि दुपारच्या सुट्टीत बसखाली आडवे पडून भाड्यानं आणलेल्या गुप्तहेराच्या कादंबऱ्या वाचायचे. त्या हेराचंही नाव तेच. दर पुस्तकात त्याला कुणीतरी ठार मारायचं आणि दर पुस्तकात तो शेवटच्या पानावर धूळ झटकून उठायचा. एकदा लेखकाला काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यानं त्याला गोळी घालून नदीत फेकला आणि पुस्तक संपवलं. वाचनालयवाल्याला लोकांनी सळो की पळो करून सोडलं म्हणे, जसं काही त्यानंच गोळी घातली. पुढच्या पुस्तकात स्वारी पोहत काठाला! भावजी सांगायचे, "त्याला मारायचं तर आधी लेखकाला मरावं लागेल."

मी लग्न होऊन घरात आले तेव्हा पोरगं रांगत होतं. आम्ही सगळे त्याला पल्या म्हणायचो. जाऊबाई तेवढ्या पूर्ण नाव घ्यायच्या, दारातून, जिन्यावरून, स्वयंपाकघरातून. गल्लीला पाठ होतं ते. मी चिडवायचे, "अहो, धापा लागतील तुम्हाला, अर्धं नाव घेतलं तरी येतो तो." तर म्हणायच्या, "अर्धं कशाला? सगळं दिलंय ना त्याला."

पल्या मोठा झाला आणि गल्लीतल्या गॅरेजच्या शटरपुढे गोलकीपर म्हणून उभा राहायला लागला. कारण तोवर तिसरा निघाला होता. त्याच नावाचा गोलकीपर, देशाच्या संघातला, पिवळा शर्ट, पाठीवर एक नंबर. एका सामन्यात त्याचा पाय असा मोडला की टीव्हीवर पुन्हा दाखवेनात. डॉक्टर म्हणाले, संपला. वर्षभरानं पठ्ठ्या पुन्हा गोलात उभा. त्या दिवशी पल्या घरभर नाचला. मला म्हणाला, "काकू, बघितलंस? आमच्यात मरायची पद्धतच नाही." मी म्हटलं, "जिभेला हाड आहे का तुझ्या? जा, कणीक आण." गेला हसत.

बाकी पोरगं काही जगावेगळं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. आईला पगारातून चप्पल आणली ती एक नंबर लहान, ती बदलायला गेला आणि स्वतःलाच बूट घेऊन आला. बहिणीशी भांडायचा, तिच्या लग्नात मात्र कोपऱ्यात तोंड फिरवून रडला. असं आपलं चारचौघांसारखं.

तो गेला जिन्यावरून घसरून. डोंगर नाही, हत्ती नाही, गोळी नाही, नदी नाही. आमच्याच इमारतीचा जिना, नुकताच पुसलेला, खालच्या तीन पायऱ्या. कठड्यावर डोकं आपटलं. उठला, स्वतःलाच हसला, कामावर गेला. संध्याकाळी आला तो म्हणाला, डोकं ठणकतंय. चहा घेतला, जरा पडतो म्हणाला. जेवायला उठवायला गेले तर उठलाच नाही. दवाखान्यात सांगितलं, आतल्या आत रक्त साचलं होतं. बाहेरून खरचटलंसुद्धा नव्हतं हो.

जाऊबाई रडल्या नाहीत. माणसं आली, बसली, गेली, सगळ्यांचं रडून झालं, यांच्या डोळ्यांत टिपूस नाही. ताट पुढे ठेवलं की जेवायच्या, उचललं की उठायच्या. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं माझ्याकडून. जाऊबाईंनी कप रिकामा करून, विसळून पालथा घातला. मी माझा घोट घेतला तेव्हा कळलं. मला इतका संताप आला! त्यांचा नाही, कुणाचा ते मलाही माहीत नाही. मीठ तरी लागावं की नाही माणसाला?

आणि अशात आमच्या नशिबानं त्या गोलकीपरला आमच्या शहराच्या संघानं विकत घेतलं. झालं! लहान पोरं, कॉलेजची पोरं, टक्कल पडलेले बाप्ये, सगळ्यांना पिवळा शर्ट पाहिजे, पाठीवर ते नाव, खाली एक. दुकानासमोर रांग. मालक तसा भला माणूस. मागच्या खोलीत येऊन चाचरत म्हणाला, "बाई, तुम्ही पुढे बसा. यंत्रावर मी दुसरं कुणी बघतो." जाऊबाईंनी मान वर केली नाही. "अक्षरंच आहेत ती," म्हणाल्या.

ते काम कसं असतं सांगते, म्हणजे मला काय बघावं लागायचं ते कळेल. रबरासारख्या पातळ पट्टीवर यंत्र नाव उलटं कापतं. मग अक्षरांभोवतीचा आणि अक्षरांच्या पोटातला नको तो भाग चिमट्यानं वेचून काढायचा. नाव वरच्या रेघेला धरून लोंबतं, दोरीवरच्या कपड्यांसारखं. ते सुलटं करून शर्टावर ठेवायचं, कॉलरपासून चार बोटं खाली, अगदी मधोमध. तापलेलं झाकण दाबायचं. यंत्र ओरडलं की उचलायचं आणि वरचा कागद कोमट असतानाच ओढायचा. गार झाल्यावर ओढलात तर एखादा काना हातात येतो. म्हणून प्रत्येक नावावरून बोटं फिरवून बघावं लागतं, नीट बसलंय ना. आईनं फिरवावी तशी बोटं फिरायची, आणि चेहरा बंद दुकानासारखा. एकदा मनगटाला हा एवढा फोड दिसला. म्हटलं, "अहो, भाजलंय!" त्यांनी मनगट उलटंसुलटं करून बघितलं. "हो की," म्हणाल्या.

आता आमच्या दुकानाची रीत अशी, की गिऱ्हाइकानं मागितलं की मी पुढून ओरडायचं: साइज, नाव, नंबर. मागून जाऊबाईंचा "हं" आला की समजायचं, काम लागलं. तर ते एक नाव मी ओरडायचं सोडून दिलं. मी नुसतं ओरडायचे, "मोठी, एक नंबर!" त्यांना कळायचं. "हं" यायचा. असं आम्ही दोघींनी न ठरवताच ठरवून टाकलं. घरी अळीमिळी गुपचिळी, दुकानात एक नंबर.

याच सुमाराला पुतणीला, म्हणजे पल्याच्या धाकट्या बहिणीला, मुलगा झाला. तिच्या मनात काय होतं ते आम्हाला ती पोटुशी होती तेव्हापासून माहीत होतं. बाळाला घेऊन माहेरी आली, आईसमोर बसली आणि म्हणाली, "आई, दादाचं नाव ठेवू का याला?"

जाऊबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "ठेव की," म्हणाल्या. "सगळेच घालून फिरतायत."

पुतणीचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "असं नको ना, आई. तू हाक मारशील का याला त्या नावानं? पूर्वीसारखी? तू मारणार असशील तर ठेवते. नाहीतर काय उपयोग?"

जाऊबाईंनी पुढची घडी घेतली. बाळाला मांडीवर ठेवलं होतं तिनं त्यांच्या, त्याला त्यांनी धड धरलंही नाही, एका हातानं नुसतं अडवलं, उशी घसरू नये म्हणून अडवतात तसं. हे मात्र मला झेपेना. मी बोलले, "अहो, हो म्हणा की नाही म्हणा! पोरीनं किती वेळ तोंडाकडे बघत बसायचं?" त्या उठल्या आणि घड्या कपाटात ठेवायला गेल्या.

तेव्हापासून पोर बिननावाचं. कुणी गोटू म्हणे, कुणी बाळ्या, माझा नवरा "ए संस्थान" म्हणे. पुतणी अडून बसलेली: आई बोलेल मग ठेवू. महिने गेले. पोर पालथं पडायला लागलं, दोन दात आले. शेवटी विहीणबाईंचा धीर सुटला, म्हणजे पुतणीच्या सासूबाईंचा. बाई वाईट नाहीत, पण त्यांनी तरी किती दम धरावा? निरोप आला: येत्या रविवारी चार माणसं बोलावलीत, तोवर तुमचं काय ते ठरवा, नाहीतर आम्ही आमच्या मनानं ठेवतो. पुतणीनं मला फोनवर सांगितलं, "काकू, नाव गेलं तरी चालेल एक वेळ. पण आईला काहीच वाटत नाही, हे मला बघवत नाही. भाऊ गेलाच. आईपण गेली का गं?"

शनिवारी दुकानात ही गर्दी. एक गृहस्थ आले, बरोबर चष्मेवाली लहान मुलगी. मुलगी तिच्या शाळेच्या संघात गोलकीपर. तिला पिवळाच शर्ट पाहिजे, नंबर एकच पाहिजे, पण पाठीवर नाव तिचं स्वतःचं. मी ओरडले, "लहान, एक नंबर!" आणि पुढे नाव घेणार तेवढ्यात दुसऱ्या एका शहाण्यानं बुटांची चळत पाडली. मी तिकडे धावले. नाव राहिलं माझ्या तोंडात. मागून "हं" आला. इतक्या महिन्यांची सवय, दुसरं काय होणार होतं?

शर्ट आला, गृहस्थांनी उलगडला, आणि मुलीनं भोकाड पसरलं. गृहस्थ तापले. त्यांचंही बरोबरच होतं, म्हणा. एकदा चिकटलेलं खरवडून काढलं तरी कापडावर डाग राहतो. मी माफी मागत होते, मालक दुसरा देतो म्हणत होता, तरी त्यांचा आवाज चढतच होता. "ही कुठली पद्धत? माझ्या मुलीच्या शर्टावर हे कुणाचं नाव घातलंत तुम्ही? कुणाचं आहे हे?"

मागच्या खोलीचा पडदा सरकला. जाऊबाई बाहेर आल्या, हातात चिमटा. दुकानात इतकी वर्षं झाली, पण गिऱ्हाइकासमोर मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी शर्टाकडे बघितलं.

"माझ्या मुलाचं," म्हणाल्या.

गृहस्थ चक्रावले. "अहो बाई, हे त्या गोलकीपरचं..."

"नाही. माझ्या मुलाचं आहे. जिन्यावरून घसरला तो. तीनच पायऱ्या होत्या."

बस, एवढंच. मग त्यांनी मुलीला विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" मुलीनं हुंदके देत सांगितलं. जाऊबाईंनी ते एकदा तिच्यासारखंच म्हणून बघितलं आणि आत गेल्या. नवा शर्ट करून आणला. गृहस्थांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी बिलाच्या कागदात तोंड खुपसून बसले होते, कारण माझे डोळे काही ऐकत नव्हते.

दुकान बंद करून निघालो, तर जाऊबाई घराच्या रस्त्याला न वळता उलट्या दिशेला चालायला लागल्या. मी मागून हाक मारली, "अहो, कुठे?"

"पोरीकडे. उद्या रविवार ना?"

मला कोण आनंद झाला! म्हटलं, सुटली बाई गाठ एकदाची. दगडाला पाझर फुटला. वाटेत मी मनातल्या मनात त्या पोराला त्या नावानं हाका मारून पण बघितल्या, लाज नाही मला. जाऊबाई भराभर चालत होत्या. मला धाप लागली.

पुतणीनं दार उघडलं. विहीणबाई आत कांदा चिरत होत्या, त्यांनी तिथूनच "या या" केलं. पोर जमिनीवर एका पातेल्याशी झोंबत होतं. जाऊबाई त्याच्याजवळ खाली बसल्या, चप्पलसुद्धा पायातच. त्याला उचललं. नीट उचललं, दोन्ही हातांनी, मानेखाली हात घालून, जसं बाळंतिणीच्या खोलीत उचलतात. एवढ्या मोठ्या पोराला मानेखाली हात लागत नाही आता, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी त्याला इतके दिवस कुठे घेतलं होतं?

पुतणी समोर बसली. "आई, ठेवू ना?"

"नको," जाऊबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडणार, तर पुतणीनं माझा हात दाबला. ती आईकडे बघत होती.

"नको ठेवूस ते नाव. मी आज दुकानात चारचौघांत सांगितलं, ते माझ्या मुलाचं आहे म्हणून. घेता येईल मला ते. तसं नाही." पोरानं त्यांच्या साडीचा काठ तोंडात घातला होता, तो त्यांनी काढला नाही. "गोष्टीतला डोंगरावरून पडला, त्याला काही झालं नाही. तुझ्या बाबांच्या पुस्तकातला नदीत पडला, त्याला काही झालं नाही. त्या गोलकीपरचा पाय मोडला, तो परत उभा राहिला. रोज बघते मी, किती पोरं ते नाव घालून धावतात, पडतात, उठतात. आता हाही. याचंही सगळं नीटच होणार, झालंच पाहिजे. हा शाळेत जाईल, म्हातारा होईल. मग त्या नावाचा मेलेला माझाच तेवढा उरेल." त्यांचा आवाज फुटला. "सगळ्यांत तो एकटा पडेल गं."

पुतणी आईच्या गळ्यात पडली. पोर दोघींच्या मध्ये चेपलं गेलं आणि ओरडायला लागलं. जाऊबाई रडत होत्या, मोठ्यानं, वेड्यावाकड्या, नाक पुसायचं भान नाही, आणि पोराला थोपटत होत्या, ते थोपटणंसुद्धा जरा जोरातच होत होतं. विहीणबाई कांद्याचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना काही कळेना. मला म्हणाल्या, "मग उद्या याला म्हणायचं तरी काय?"

मी काही सांगण्याआधी जाऊबाईच बोलल्या, पोराच्या टाळूवर गाल टेकून.

"काहीही ठेवा. फक्त ज्याची कुठे गोष्ट नाही, असं एखादं बघा."